लिफ्ट किट, लोखंडी बंपर आणि आमची पांदण

पुसदच्या भाच्यानं मला एक यादी पाठवली. गाडी अजून बुकही झालेली नाही, पण तिला काय काय लावायचं ते ठरलंय: गाडी तीन इंच उचलणारं लिफ्ट किट, मोठे मड टायर, लोखंडी बंपर, टपावर लाइट बार, इंजिनाला वरून हवा देणारी नळी म्हणजे स्नॉर्केल आणि मागं चढायला शिडी. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, तू एवढी वर्षं वावरावावरानं जिप्सी हाकतेस, एकदा नजर टाक.’ नजर टाकली. यादीत फसलेली गाडी ओढून काढायचा पट्टा नव्हता, टायरात हवा भरायचा पंप नव्हता, आणि हे सगळं कोणत्या गॅरेजात बसवणार याचा पत्ता नव्हता. फोनवर बोलले असते तर वाद झाला असता, म्हणून लिहूनच काढते. त्याच्यासारखे पोट्टे आमच्या भागात बरेच आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे जनावरांची डॉक्टर आहे, खासगी प्रॅक्टिस. गाय अडली की रात्री-अपरात्री फोन येतो, आणि गोठा गावातच असेल असं नाही. बरेचदा तो वावरात असतो, पांदणीच्या पार शेवटी. उन्हाळ्यात त्याच पांदणीनं कोणतीही साधी कार धूळ उडवत जाते. मृग लागला की खेळ बदलतो. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग जे दिसेल त्याला चिकटते. टायरच्या खाचा चार पावलांत भरतात, आणि कितीही महागाचा टायर असो, तो गुळगुळीत होऊन बसतो. झड चार दिवस चालली की चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागासुद्धा मातीनं भरते. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या तर इतक्या खोल की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो.

अशा ठिकाणी फोर बाय फोर लागतेच. मात्र ती कशासाठी लागते हे फार थोड्यांना नीट ठाऊक असतं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते, हे खरं. ती थांबवायला मात्र चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत असतोच. त्यात फोर बाय फोरवाल्याला काही जास्त मिळत नाही. चिखलात सुटलेली गाडी चारही चाकांनी सारखीच घसरते. माझ्या कामाचा खरा गियर म्हणजे फोर-लो, चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गियर. पाय क्लचवरून काढून, चालत्या माणसाच्या वेगानं, इंजिनाच्या जोरावर गाडी खाली उतरवता येते. द्रव नायट्रोजनचा कंटेनर मागं असला की मला तेवढंच हवं असतं. त्यात गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या मात्रा उणे १९६ अंशांवर असतात. कंटेनर कलंडला तर माल जातोच, शिवाय बंद गाडीत नायट्रोजन सांडला तर तो हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि आपल्याला कळतही नाही. मी भर पावसातसुद्धा एक काच थोडी उघडी ठेवते. उंच, डोलणारी गाडी मला काहून नको, ते यावरून समजावं.

आता जिप्सीबद्दल. मारुतीनं ती १९८५ मध्ये आणली आणि सामान्य ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद केली. माझी जुन्यातली आहे, एमएच-२९ म्हणजे यवतमाळ पासिंगची. आधीचा मालक हौशी होता. बाजारात ती पाहिली तेव्हा ती चांगलीच रुबाबदार दिसत होती. मी आमच्या मिस्त्री चाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. बाजूला पोतं अंथरलं, गाडीखाली सरकले आणि आतूनच ओरडले, “मॅडम, गाडी चांगली हाय. हिच्यावर जे चढवलं ना, ते खराब हाय.”

वर चढवलेलं म्हणजे काय, ते सविस्तर सांगते, कारण भाच्याच्या यादीत तेच सगळं आहे.

जिप्सीला पुढं-मागं दोन्हीकडे कमानपाटे. आधीच्या मालकानं पाटा चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे शॅकल, लांब लावून गाडी उचलली होती. गाडी उचलली की लोकांना वाटतं, आता खाली काही लागणार नाही. पण जिप्सीसारख्या गाडीत एक्सल सलग असतो आणि त्याच्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, जो दोन्ही चाकांना ताकद वाटून देतो, चाकांच्या मधोमध लोंबतो. लिफ्ट किटनं चेसिस वर जाते, गोळा होता तिथंच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लावावा लागतो. म्हणजे आमच्या चाकोरीतला उंचवटा ज्या गोळ्याला घासतो, त्याला त्या खर्चाचा काडीचा उपयोग नाही. उलट एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा तिरपेपणा वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर खलास होतात. पुढच्या चाकांचा कोन बदलतो, वळून आल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेकचे रबरी होज. ते मूळ उंचीच्या मापाचे असतात. माझ्या गाडीत मागचं एक होज इतकं ताणलेलं होतं की एक चाक खड्ड्यात पुरतं लटकलं असतं तर ते निघूनच आलं असतं. चाचांनी बोटानं दाखवलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा मी घाबरते.

टायर २३५/७५ चे होते, रिम पंधरा इंची. मूळ टायर २०५/७०. यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. हिशेब अवघड नाही: मूळ टायरची उंची साधारण ६६८ मिलिमीटर, लावलेल्याची ७३३. जवळपास दहा टक्के जास्त. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ नं पळत असते. ५,००० किलोमीटरवर ऑइल बदलतोय असं वाटतं, तेव्हा गाडी साडेपाच हजारांच्या आसपास चाललेली असते. प्रत्येक गियर तेवढाच जड होतो, चढावर क्लच जळतो. आणि ब्रेक तोच, पण चाक मोठं, म्हणून रस्त्यावर पोचणारा रोधही तितकाच कमी. कंपनीनं डिस्कचं माप, गियरचं प्रमाण, स्प्रिंगची ताकद हे एकमेकांशी जुळवून ठेवलेलं असतं. आपण एक आकडा बदलला की उरलेले आकडे कोणी जुळवायचे? गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा. कंपनी म्हणेल, हे आम्ही दिलंच नव्हतं. मग उरतो एकच माणूस, ज्याचं नाव आरसी बुकावर आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. ५५/६० वॅटच्या जागी ९०/१०० वॅटचे बल्ब, जास्त करंट झेलणारा स्विच म्हणजे रिले नाही, जुनीच बारीक वायर. होल्डर वितळून पिवळा पडला होता. त्यावर लाइट बारची वायर पिळून जोडलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली, फ्यूज नाही. ज्या घरी कापूस आणि धान्य, त्या घरी उंदीर. आणि उंदरांना गाडीच्या वायरी फार आवडतात. फ्यूज नसलेली कुरतडलेली वायर गोठ्याशेजारी, कुटाराच्या गंजीजवळ उभी करायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पहिल्याच आठवड्यात चाचांनी ते सगळं जाळं उपटलं. मी लाइट बार परत लावला नाही. समोरून येणारा बंडीवाला किंवा मोटारसायकलवाला त्यानं आंधळा होतो, आणि आमच्याकडे रस्त्याच्या कडेला भरपूर खोल नाल्या आहेत.

कायद्याचं सांगितलं की लोक हसतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द भाच्यानं दोनदा वाचावेत आणि मग यादी मोजावी. ‘पण इथं कोण पकडतं?’ हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. रस्त्यावर कदाचित कोणी पकडत नसेल. पण गाडी पंधरा वर्षांची झाली की पुनर्नोंदणीला आरटीओत न्यावीच लागते आणि तिथं निरीक्षक वाकून बघतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर त्याहून खाली वाकतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे दावा अडवायला आयतं कारण.

बंपरवर मात्र माझं गावातल्या लोकांशी मनापासून भांडण झालंय, आणि त्यांची बाजू मला समजते. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, आहेत. संध्याकाळी तुरीच्या वावरातून दोनशे किलोचा रोही सरळ रस्त्यावर उडी घेतो. रानडुकरांचा कळप तर दिवे पाहूनही थांबत नाही. ‘मॅडम, लोखंडी गार्ड नसता तं रेडिएटर गेलं असतं,’ असं मला एकानं सांगितलं, आणि त्याचं रेडिएटर खरंच वाचलं होतं. तरीही मी माझ्या गाडीचा गार्ड काढला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून असले क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं. पण पत्र नसतं आलं तरी मी तेच केलं असतं. पत्र्याचा बंपर चेपतो, धडकेचा जोर स्वतः खातो. लोखंडी पाइप चेपत नाही. तो जोर चेसिसला देतो, चेसिस आतल्या माणसाला. नव्या गाड्यांत एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर धडकेत गाडीचा वेग किती झटकन कमी झाला त्यावरून ओळखतो, आणि ते पुढचा भाग कसा चेपतो त्यावर ठरतं. मध्ये लोखंड घातलं की त्याचा अंदाज चुकू शकतो. आणि समोर रोही नसून दप्तर घेतलेलं पोरगं असेल तर? रोह्याचा उपाय एकच, तो म्हणजे अंधार पडल्यावर काटा चाळिशीच्या खाली ठेवणं. तो फुकट आहे म्हणून कोणाला आवडत नाही.

आता पाणी. स्नॉर्केल लावली की गाडी पाणबुडी झाली, असा एक समज आहे. स्नॉर्केल इंजिनाची हवा वरून घेते, एवढंच तिचं काम. आमच्या फुफाट्यात वरची हवा थोडी स्वच्छ मिळते, एअर फिल्टर जरा टिकतो, तो फायदा मी मान्य करते. पण डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, दारांचे रबर हे सगळं तसंच खाली असतं. सील न केलेला सांधा एक असला तरी पाणी तिथून इंजिनात जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. आणि इंजिनातलं हे नुकसान साध्या विम्यात येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

कमी बोललं जातं ते डिफरन्शियलचं. वीस-पंचवीस किलोमीटर चालून गोळा तापलेला असतो. तसाच थंड नाल्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. वर काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागतं. ड्रेन प्लग थोडा सैल करून पाहिलं तर तेल ताकासारखं पांढुरकं निघतं. यावर उपाय म्हणजे गोळ्यातली हवा आत-बाहेर करणारी ब्रीदरची नळी वर, बॉनेटपर्यंत आणणं. ती नळी अगदीच स्वस्त आहे. माझ्या गाडीत मी केलेल्या बदलांत हा बदल मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो कोणालाच दिसत नाही.

आणि वाहतं पाणी असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. फूटभर वाहत्या पाण्यात लहान कार तरंगू लागते, दोन फुटांत मोठ्या एसयूव्हीसुद्धा वाहून जातात. चाक जमिनीला टेकलेलंच नसेल तर चारही चाकं फिरवून काय होणार? मोठा टायर उलट जास्त तरंगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात अख्खी एसटी वाहून गेली, माणसं गेली. ती आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. पुलावरून पाणी असेल तर मी अलीकडे थांबते आणि फोनवरून सांगते, गाईला कसं धरा, काय करू नका. शेतकरी चिडतो. चिडू दे.

भाच्याला गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न राहिलाच. आधी शोरूममध्ये स्पष्ट विचारावं की ही फोर बाय फोर आहे का. थार २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, दिसायला तशीच. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. थार पावणेदोन टनांच्या आसपास भरते, ताकद भरपूर. पण फसली की तिला काढायला ट्रॅक्टरही तसाच लागतो. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, पेट्रोल, चार माणसांची. काळ्या मातीत हलकी गाडी ही अर्धी लढाई आहे असं माझं मत आहे, आणि माझं मत जिप्सीवाल्याचं आहे हे वाचणाऱ्यानं लक्षात घ्यावं. गुरखाला पुढं-मागं डिफरन्शियल लॉक आणि स्नॉर्केल कंपनीकडूनच येते. ज्याला हे खरंच लागतं त्यानं ते कंपनीनं बसवलेलं घ्यावं. निदान ते बाकीच्या गाडीशी जुळवलेलं असतं.

डिझेल घेणाऱ्यानं एक गोष्ट आधी पाहावी. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी पकडणारी डीपीएफ असते. ती अधूनमधून काजळी जाळून स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालावी लागते. घर ते वावर तीन किलोमीटर, दुसऱ्या गियरात, अशीच रोज गाडी चालली की डीपीएफ तुंबते, दिवा लागतो. मग कोणीतरी सांगतो, ‘काढून टाका, सॉफ्टवेअर मारून देतो.’ ते बेकायदा आहे, आणि त्यानंतर कंपनीच्या वॉरंटीकडे तोंड करता येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा नागपूर-तुळजापूर हायवेला अर्धा तास गाडी पळवावी. तेवढं जमणार नसेल तर पेट्रोल घ्यावी.

आणि विश्वासार्हता म्हणजे काय ते चाचांना विचारलं तर ते सांगतात, “जिचा पार्ट सांजच्यापर्यंत यवतमाळहून येते, ते गाडी भरोशाची.” कागदावरची कितीही मजबूत गाडी असो, तिचं एक सील नागपूरहून चार दिवसांनी येणार असेल तर भर पावसाळ्यात ती अंगणातली शोभा. बुकिंगच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी दोन मिस्त्र्यांना चहा पाजावा आणि विचारावं, यातली कोणती गाडी तुमच्याकडे जास्त येते आणि कशासाठी येते. जितकं ते सांगतील तितकं कोणताही व्हिडिओ सांगत नाही.

वापराबद्दल एकच टोचणी. थार, जिम्नी, गुरखा या तिन्ही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरू नये. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर जुळवता येत नाही आणि ताण पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर येतो. लग्नाच्या वरातीत ‘फोर बाय फोर’चा दिवा लावून गोल गोल फिरणाऱ्यांना हे मी सांगून थकले.

मूळ मापाचे नवे टायर, मूळ शॅकल, नवे होज, ब्रीदरची नळी, दोन्ही टोकांना चेसिसला बोल्ट केलेले हुक, आणि सगळ्याची बिलं डॅशबोर्डच्या खणात. माझी जिप्सी आता एवढ्यावरच आहे. पांदणीत शिरण्याआधी टायर अठरा पीएसआयपर्यंत उतरवते, डांबरावर आल्यावर पंपानं परत भरते; कमी हवेचा टायर यवतमाळच्या ४५ अंशांत वेगानं पळवला तर फुटायला वेळ लागत नाही. गाडी कोणालाही चालवायला देत नाही. ‘डाक्टरीणबाई लय कंजूस’ असं म्हणतात. मागच्या फळ्यांवर मजूर बायांना बसवून निंदणाला नेऊन सोडायला सांगतात, तेही नाही. ज्या गाडीत सीट बेल्ट चारांना, तिच्यात अकरा जणी बसवून नाल्याच्या काठानं जायचं, आणि काही झालं तर? त्या बायांना गाडीचं नाव ठाऊक नसेल, माझं आहे.

एवढं करूनही फसतेच. फसल्यावर खरी माणसं गोळा होतात, आणि सगळ्यात मोठा धोका तेव्हाच असतो. ट्रॅक्टरवाला लोखंडी साखळी आणतो, कोणी ती बंपरला अडकवायला जातो. तुटलेली साखळी किंवा निखळलेला बंपर माणसाच्या छातीवर येतो. म्हणून पट्टा माझा, हुक चेसिसचा, पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाकलेलं. तुटलाच तर जोर जमिनीकडे जावा. पट्ट्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर सगळ्यांना पाठवायचं, पोरांना तर धुऱ्यापलीकडे. झटका द्यायचा नाही, हळू ताणायचं. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, तोवर चार जण मला शहाणपणा शिकवतात, आणि त्यातला एक जण हमखास पट्टा ओलांडून पलीकडे जायला निघतो. त्याच्यावर ओरडायचं. ओळखीचा असला तर जास्त ओरडायचं. गाडी निघाली की ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे पैसे द्यायचे; तो नको म्हणतो, तरी द्यायचे.